डाव्या वळणावर साइडकार उचलते म्हणून काढून टाकू नका

बुलेटला साइडकार (डाव्या बाजूला जोडायची एकचाकी बैठक) लावल्यापासून डाव्या वळणावर तिचं चाक हवेत जातं, काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका. २२ वर्षं दुचाकी चालवून मी वडिलांसाठी साइडकार जोडली, तेव्हा पहिला महिना मलाही धडकीच भरायची.

खरी अडचण हातांच्या सवयीची आहे. दुचाकीवर डावीकडे वळताना आपण नकळत डावं हँडल पुढे ढकलतो, गाडी झुकते आणि वळते. साइडकारवाली गाडी झुकतच नाही. तसं ढकललंत तर ती सरळ उजवीकडे निघते, म्हणजे समोरच्या बसकडे! हँडल रिक्षासारखं वळवायचं. शिवाय थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. हे अंगात मुरायला वेळ लागतोच.

मी रविवारी पहाटे मुंबईत आरे कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर जायचो. साइडकारमध्ये ४० किलो वाळूचं पोतं, वेग वीसच्या आत, आणि फक्त डावी वळणं. वळणाआधीच वेग कमी करायचा, अंग डावीकडे टाकायचं. तिसऱ्या रविवारी चाक जमिनीवर राहिलं.

सिग्नलला डावा पाय टाकायची सवय मात्र आधी मोडा, पोटरी साइडकारच्या जोडदांड्यावर आपटते. खड्डेही आता दोन वाटांनी बघावे लागतात, बुलेटच्या आणि साइडकारच्या चाकाच्या. पावसाळ्यात मी तर सर्व्हिस रोड टाळतोच.

आणि आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बदलाची नोंद केली नसेल तर ती आधी करून घ्या. वांद्रे-वरळी सी लिंकवर तशीही दुचाकी-तीनचाकीला बंदीच आहे.