'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणजे नेमकी कोणती?

निवडुंग: ग्रामीण रुग्णालयात काम करते. अंगावरून वारं गेलेला पेशंट आला की शहरातले न्यूरॉलॉजिस्ट व्हिडिओ कॉलवर विचारतात, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" नातेवाईक 'हो' म्हणतात आणि गाडी तिथेच अडते. दुसरा नेमका शब्द आहे का?

केवडा: मुळात या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो. पुस्तकात रक्त गोठण्याला 'रक्तक्लथन' असा शब्द सापडतो, पण पेशंटच्या मुलाला तो कळणार नाही. खरा घोळ असा, की या एकाच नावाखाली लोक वेगवेगळी औषधं सांगतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे देता येतं. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघावा लागतो, 1.7 च्या वर असेल तर देत नाहीत. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन या नव्या गोळ्यांचा असर आयएनआरवर भरवशाने दिसत नाही. त्यातली एखादी गेल्या 48 तासांत घेतली असेल तर सहसा इंजेक्शन टाळतात. डॅबिगॅट्रानवर मात्र इडारुसिझुमॅब हा उतारा आहे. आणि इंजेक्शन नाही म्हणजे सगळं संपलं असं घरच्यांना वाटू देऊ नका. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर तारेने गुठळी काढता येते, पण पेशंटला ती सोय असलेल्या केंद्रात लगेच हलवावं लागतं.

निवडुंग: म्हणजे औषधाचं नावच हवं. परवा एकांनी पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं, तर कापलेल्या तुकड्यावर नावाची शेवटची दोनच अक्षरं उरलेली.

केवडा: मग घरी फोन लावून उरलेल्या पाकिटाचा फोटो मागवा. इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची असते, त्यामुळे मेंदूचा सीटी स्कॅन चालू असतानाच हे उरकायचं.

पाणंद: 'कधीपासून' हा शब्दही टाळा. "गोळी कधीपासून?" म्हटलं की "दोन वर्षं झाली" असं उत्तर येतं. "शेवटची गोळी काल रात्री घेतली की आज सकाळी?" असं विचारा. पक्षाघाताच्या झटक्याचंही तेच. "शेवटचं धडधाकट कधी बघितलं?" असं विचारलं, की "रात्री जेवून झोपले तेव्हा" हे कळतं, आणि वेळ तिथून मोजायची असते.

केवडा: अगदी बरोबर. आणि नाव आठवतच नसेल तर "या गोळीसाठी दर महिन्याला रक्त तपासायला जाता का? हृदयाची झडप बदललीय का?" हे विचारा. 'हो' आलं तर बहुधा वॉरफरिन नाहीतर ॲसिट्रॉम. आयएनआर लगेच पाठवा.