मदत हवी आहे: १२० किमीच्या टप्प्यासाठी रामन ॲम्प्लिफायरचा खर्च सार्थ ठरेल का?

नमस्कार. २८० किमीच्या एका फायबर मार्गाचा आराखडा करताना एका ठिकाणी अडलो आहे. दोन टोकांना ८० किमीचे टप्पे असून त्यांचा मोजलेला लॉस प्रत्येकी १९ डेसिबल आहे. मधला टप्पा मात्र १२० किमीचा, २८ डेसिबलचा आहे. प्रत्येक चॅनेलला १ डीबीएम पॉवर आणि ५.५ डेसिबल नॉईज फिगर (ॲम्प्लिफायर स्वतः किती नॉईज घालतो त्याचे माप) असलेले, टप्प्यांच्या शेवटी बसवलेले एर्बियम ॲम्प्लिफायर धरल्यास शेवटी ओएसएनआर (प्रकाशातल्या सिग्नलचे नॉईजशी गुणोत्तर) सुमारे २४.५ डेसिबल येतो (०.१ नॅनोमीटर बँडविड्थसाठी). ट्रान्सीव्हरच्या (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्राच्या) माहितीपत्रकात किमान २४ डेसिबल लिहिले आहेत, म्हणजे हाती उरतो तो अर्धा डेसिबल. एकूण नॉईजपैकी जवळजवळ ८० टक्के वाटा त्या एका लांब टप्प्याचाच आहे.

पहिला पर्याय म्हणजे लांब टप्प्याच्या मध्यावर, ६० किमीवर, आणखी एक एर्बियम ॲम्प्लिफायर. त्याने ओएसएनआर ३० डेसिबलच्या वर जातो आणि यंत्राची किंमतही फारशी खुपत नाही. खुपते ती जागा, अखंड वीज, बॅटरी, वातानुकूलन आणि बिघाड झाल्यावर तिथे माणूस पोहोचवण्याची व्यवस्था. हा खर्च दरवर्षीचा असतो आणि निविदेत तो दिसत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे लांब टप्प्याच्या घेणाऱ्या टोकाकडून उलट दिशेने पंप केलेला रामन ॲम्प्लिफायर, म्हणजे पंप लेझरच्या प्रकाशाने खुद्द त्या फायबरमध्येच सिग्नल वाढवणारा. नॉईज फिगरमध्ये ५ डेसिबलचा प्रभावी फायदा गृहीत धरला, तर ओएसएनआर २८ डेसिबलपर्यंत जातो आणि नवीन जागा लागत नाही. परंतु पंपाची पॉवर शेकडो मिलिवॉट असल्यामुळे कनेक्टरवर धूळ राहिली तर तो जळू शकतो, आणि गेन (सिग्नलची वाढ) मुख्यतः टोकाजवळच्या साधारण २० किमीत मिळत असल्याने नेमक्या त्याच भागातले खराब स्प्लाइस (फायबरचे जोड) महागात पडतात.

पॉवर ३ डेसिबलने वाढवण्याचाही विचार केला होता, पण नॉनलिनिअर नॉईज (जास्त पॉवरमुळे फायबरमध्येच निर्माण होणारा) पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो मार्ग मी सोडून दिला.

माझा कल रामनकडे आहे. ज्यांनी तो प्रत्यक्ष चालवला आहे, त्यांच्याकडून दोन गोष्टी कळाव्यात: तुटलेली केबल जोडून झाल्यावर, म्हणजे टोकाजवळ दोन-चार नवे स्प्लाइस पडल्यावर, त्या ५ डेसिबलपैकी किती शिल्लक राहतात? आणि राखीव पंप लेझर प्रत्येक टोकाला ठेवता की एकाच मध्यवर्ती ठिकाणी?