तिसरीत जाणाऱ्या मुलाला सुट्टीत वाचतं-लिहितं कसं करावं? (बडोदा)

बडोद्याची_आई
नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगा गुजराती माध्यमात, आता तिसरीत जाईल. धाकटी पाच वर्षांची. घरी बोलणं मराठीच, पण मुलाला मराठी वाचता येत नाही आणि गुजरातीही अडखळत वाचतो. गेल्या उन्हाळ्यात मी रोज एक पान शुद्धलेखन लिहून घेतलं. आठव्या दिवशी त्याने वही पलंगाखाली लपवली आणि "आई, हरवली" म्हणाला. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. मग एका सुट्टीच्या वर्गात घातलं, तर तिथेही फळ्यावरचं उतरवून काढणंच. यंदा तसं करायचं नाही. पाच आठवडे हातात आहेत. पुस्तकं कुठून आणू? आणि मराठी आत्ता सुरू केलं तर गोंधळ उडेल का?

फळा_खडू
ताई, चोवीस वर्षं प्राथमिकला शिकवतेय. गोंधळ उडत नाही, फक्त क्रम सांभाळा. ग, न, म, र, त, प, व, स ही अक्षरं दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखीच, गुजरातीत शिरोरेषा नाही एवढंच. काना-वेलांटीही ओळखीची. तेव्हा 'गवत', 'मगर', 'पान', 'सात' असे शब्द त्याला गुजरातीत लिहू द्या आणि वरची रेघ लाल पेन्सिलीने त्यालाच ओढू द्या. "छप्पर घाल" म्हणा. शब्द मराठी झाला! माझ्या वर्गातली पोरं या छपरावर फार खूश असायची. क, ख, ज, भ, ल ही अक्षरं वेगळी आहेत, ती मागाहून, दोन दिवसांना एक या हिशेबाने.

वाचताना अडला की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा तोच काढतो. नाही निघाला तर सांगा आणि पुढे चला, गोष्टीचा धागा तुटता कामा नये. एकच पुस्तक दहादा मागितलं तर दहादा वाचा.

धाकटीच्या हातात पेन्सिल दिली नाही तरी चालेल. ती बोलेल ते तुम्ही लिहा, तिच्याच शब्दांत. "मनीने दूध सांडवलं" म्हणाली तर 'सांडवलं'च लिहा. मग बोट ठेवून तिला वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर उतरतं हे तिला एकदा कळलं की लिहायची ओढ तिला आपोआप लागेल.

मांडवीकर
मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात न्या. बालविभाग आहे. ऊन चढायच्या आत जा, वेळ आधी विचारून घ्या. सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणून १९१० साली हे काम उभं केलं. गावोगावी पेट्यांतून पुस्तकं फिरायची. वरच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, ती पोरांना दाखवायला मिळते का बघा. आणि वहिनी, महाराज १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, अक्षरओळखही नव्हती. पुढे त्यांनीच राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तुमचा मुलगा तर तिसरीतच आहे.

घरून_काम
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट आहेत, मराठी-गुजराती दोन्ही. पातळी १ पासून घ्या. बऱ्याच गोष्टी दोन्ही भाषांत सापडतात, त्या लागोपाठ वाचायच्या. फोनवर नको असेल तर छापून घ्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. ते त्याला स्वतःला जड जातील, रात्री तुम्ही वाचून दाखवा.

राजमहाल_रोडची_आजी
पोरी, लिहिलेल्याचा काही उपयोग होतोय हे मुलाला दिसलं पाहिजे. माझा नातू पान लिहायला रडायचा, पण भाजीची यादी त्याच्याकडे दिल्यावर 'भेंडी' चार वेळा खोडून नीट लिहिली, कारण गेल्या खेपेला त्याने लिहायची राहिली म्हणून आणली नव्हती. तुझ्याकडे आजोबा लांब राहत असतील तर पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आण. मजकूर त्याचा, पत्ताही त्याचाच, पिनकोडचे सहा चौकोन त्यानेच भरायचे. चुका मुळीच सुधारू नकोस. आजोबांना मात्र फोन करून सांग, उत्तर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत यायला हवं. मग वाचायला तोच मागे लागेल. संध्याकाळी सुरसागर तलावावर जाता ना? वाटेतल्या पाट्या वाचत जा. शेव-उसळीची पाटी आमच्याकडे सगळ्यांत आधी वाचता आली.

बडोद्याची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आज अकरावा दिवस. छपरं घालून घालून लाल पेन्सिल निम्मी झाली. धाकटीची वही पाच पानांवर आलीय, ती वडिलांना रोज 'वाचून' दाखवते. ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली, त्यातलं माकडाचं तिसऱ्यांदा चाललंय.

आज सांगलीला आजोबांना कार्ड गेलं. "आजोबा झाडावर कैरया कीती राहील्या मोजून लीहा." कैऱ्यांतला 'क' त्याने गुजराती काढलाय. तसाच पेटीत टाकला.