जपानी बोलताना शंका कशी विचारावी आणि चुका कशा दाखवून घ्याव्यात?

प्रश्न (परभणी, सध्या वाळूज)
मी गुणवत्ता विभागात काम करतो आणि जपानीची एन-४ (खालून दुसऱ्या पातळीची) परीक्षा उत्तीर्ण आहे. कारखान्यात येणाऱ्या जपानी अभियंत्यांचे बोलणे अर्धे निसटते. 'मोऊ इचिदो ओनेगाइशिमासु', म्हणजे 'पुन्हा एकदा सांगा', म्हटले की तेच वाक्य त्याच वेगाने येते. माझ्या जपानीबद्दल विचारले, तर 'ओजोऊझु देसु ने' अशी स्तुतीच होते. नेमके काय विचारावे?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
दादा, सगळे वाक्य परत मागू नका. जेवढे कळले तेवढे स्वतः उच्चारून राहिलेल्या भागावरच बोट ठेवा. वेळ कळली नसेल, तर 'सुमिमासेन, नान्-जि देसु का' एवढे पुरते. सगळे समजले असे वाटले तरी खात्री करावी: 'आश्ता, शिचि-जि नि केन्सा ओ हाजिमेरु तो इऊ कोतो देसु का', म्हणजे 'उद्या सात वाजता तपासणी सुरू करायची, असेच ना?' अंकांना विशेष जपा. यंत्रांच्या आवाजात 'इचि' (एक) आणि 'शिचि' (सात) सारखेच वाटतात, म्हणून जपानी माणसेही सातला अनेकदा मुद्दाम 'नाना' म्हणतात.

उत्तर २ (लातूर)
अडचण कोणती, तेही सांगावे. 'किकितोरेमासेन देशिता' म्हणजे शब्द कानांनी टिपता आले नाहीत. त्यावर समोरचा सावकाश बोलेल. 'इमि गा वाकारिमासेन' म्हणजे अर्थ कळला नाही. त्यावर तो सोपे शब्द शोधेल. आपल्याकडे गोष्ट ऐकणारा हुंकारा देतो, तसा जपानी श्रोता 'हाइ' म्हणत राहतो. त्यामुळे न समजताही आपण सवयीने 'हाइ' म्हणालो, तर बोलणारा पुढे निघून जातो. जिथे धागा सुटला, तिथेच त्याला थांबवणे बरे.

चुकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. 'माझे जपानी कसे आहे?' या प्रश्नाला शिष्टाचार म्हणून स्तुतीच मिळणार. त्याऐवजी ई-मेलमधील एकच वाक्य दाखवून 'कोनो बुन नि फुशिझेन ना तोकोरो वा आरिमासु का', म्हणजे 'या वाक्यात काही अस्वाभाविक वाटते का?', असे विचारा. त्याहून उत्तम म्हणजे दोन वाक्ये पुढे ठेवून 'दोचिरा गा शिझेन देसु का', म्हणजे 'यांपैकी कोणते अधिक स्वाभाविक?', असे विचारणे. दोष काढावा लागत नसल्याने उत्तर मोकळेपणाने मिळते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, ताई. वरिष्ठांना वाक्य सुधारून मागणे उद्धटपणाचे ठरेल का?

उत्तर २ (लातूर)
ठरणार नाही. वरिष्ठांना 'नाओशिते इतादाकेमासेन का' म्हणा आणि बरोबरीच्या सहकाऱ्याला 'नाओशिते कुरेमासेन का'.