स्वस्तातली आयशॅडो पॅलेट घ्यावी का? पारख कशी करता?

चष्मेवाली:
मैत्रिणींनो, सल्ला हवाय. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेली १८ रंगांची पॅलेट आहे. काल नीट उघडून पाहिली. चार रंगांत खड्डे पडलेत, त्यातल्या एका तपकिरीचा तर खालचा पत्रा दिसायला लागलाय. बाकीचे चौदा जसेच्या तसे. जांभळ्यावरची उठावाची नक्षीसुद्धा शाबूत! आता नवी घ्यायचीय, बजेट बेताचं. दुकानात बोटाने लावून बघते तेव्हा सगळ्याच झकास वाटतात, आणि घरी येऊन ब्रशने लावलं की निम्म्या रंगांचा खडू होतो. स्वस्तातली घेणं म्हणजे पैसे पाण्यात, की माझीच पारख कच्ची? रंग सावळा, पापण्या तेलकट, रोज ऑफिसला लावते.

रंगकाडी:
पारख कच्ची नाही गं, बोट खोटं बोलतं. बोटाला तेल असतं, उब असते, शिवाय आपण नकळत दाबून ओढतो. त्यात कुठलाही रंग गडद उमटतो. पापणीवर लावणार ब्रशने, मग तपासायचंही ब्रशनेच. मनगटाच्या आतल्या बाजूला, क्रीम वगैरे काही न लावता, हलक्या हाताने दोनदा फिरवायचा. नंतर स्वच्छ ब्रशने कडा पुसट करून बघायची. रंग पसरतो की मधूनच ठिगळासारखा उडतो, ते तिथेच कळतं.

आणि बघायचा तो मॅट, म्हणजे बिनचमकीचा, तपकिरी. चमकीच्या रंगांवर भुलू नकोस. चमक येते ती अभ्रकाच्या बारीक कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिल्यामुळे, आणि हे काम आता स्वस्तातही बरं जमतं. मॅटला लपायला जागा नसते. टाल्क, रंगद्रव्य आणि बांधून ठेवणारा घटक यांचं प्रमाण जरा चुकलं की झालं. पावडर सैल दाबली तर नुसता भुगा, फार घट्ट दाबली तर ब्रशला रंगच लागत नाही.

घडीघडी:
मी विरोधी मत नोंदवते. दोनदा स्वस्तातली घेतली, दोन्ही वेळा पस्तावले. गडद करडा लावला, सकाळच्या मीटिंगला गेले, तर शेजारची विचारते, बरं नाही का तुला? आरशात बघितलं तर सगळा भुगा डोळ्यांखाली उतरलेला, दोन रात्री जागल्यासारखी दिसत होते. आता महाग एकच घेते, कमी रंगांची.

रंगकाडी:
@घडीघडी, कमी रंगांची घेतेस ते शंभर टक्के बरोबर. पण भुगा महागड्यांचाही पडतो. मऊ पावडर म्हटली की तो आलाच. ब्रश झटकून घ्यायचा, रंग घासायचा नाही तर टेकवायचा, आणि डोळे आधी करून कन्सीलर, म्हणजे डोळ्यांखालचे डाग झाकणारं क्रीम, नंतर लावायचा. एवढ्याने निम्मं रडगाणं संपतं.

सावळीच_बरी:
चष्मेवाली, सावळ्या रंगाचं सांगते, कारण फोटो बघून फसणाऱ्यांत मी पहिली. स्वस्त पॅलेटमधले फिके मॅट, म्हणजे साय, बदामी, फिका गुलाबी, हे बहुतेक पांढऱ्या भरावावरच उभे असतात. गोऱ्या हातावर छान दिसतात, आपल्या पापणीवर राख फासल्यासारखे. तू विटकरी, तांबूस तपकिरी, कॉफी या घरातले रंग बघ. हे लोहाच्या ऑक्साइडमधून येतात. ती रंगद्रव्यं स्वस्त आणि समजूतदार, म्हणून साध्या पॅलेटमध्येही ते बरे निघतात. पाठीमागच्या घटकांच्या यादीत सीआय (रंगद्रव्याचा क्रमांक) ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसले की ते लाल, पिवळं आणि काळं लोह ऑक्साइड. सीआय ७५४७० म्हणजे कार्माइन, ते किड्यांपासून काढतात. ज्यांना चालत नाही त्यांनी तेवढं बघून घ्यावं.

मॅट जांभळा आणि निळा मात्र स्वस्तात घेऊच नये असं माझं ठाम मत. अल्ट्रामरीन आणि मँगनीज व्हायोलेट ही द्रव्यं हट्टी असतात, नीट पसरवायला कारागिरी लागते. तुझा जांभळा शाबूत का राहिला ते कळलं ना?

हिशेबी:
मी फक्त वजन बघते. डबीमागे एकूण ग्रॅम लिहिलेले असतात, त्याला रंगांच्या संख्येने भागायचं. समजा १८ रंग, प्रत्येकी ०.८ ग्रॅम, म्हणजे १४.४ ग्रॅम. त्यातले चार वापरले तर हाती लागले फार तर ३.२. सहा रंगांची, प्रत्येकी १.५ ग्रॅमची घेतली आणि चार वापरले, तर ६. दुसरीची किंमत पहिलीइतकीच असली तरी ती स्वस्त पडली. रंग मोजून घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही!

चष्मेवाली:
बाप रे, ३.२! आणखी एक. जुन्यातला एक तपकिरी वरून गुळगुळीत, चकचकीत झालाय, रंगच सोडत नाही. टाकून देऊ?

रंगकाडी:
अजिबात नको. ब्रशवरून परत आलेल्या तेलाची साय धरलीय त्यावर. चिकटपट्टी हलकेच दाबून उचल, किंवा स्वच्छ टूथपिकने वरचा थर खरवड. खाली रंग तसाच असतो. मात्र डबीमागे उघड्या बरणीचं चित्र बघ, आत १२ एम किंवा २४ एम लिहिलेलं असेल. उघडल्यापासून तितके महिने. वास बदलला असेल तर मात्र विचारच करू नकोस. आणि तेलकट पापणीला आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खालचा थर, लाव, नाहीतर दुपारपर्यंत सगळा रंग घडीत गोळा होतो, पॅलेट कितीचीही असो.

सावळीच_बरी:
एक राहिलं. काही झगझगीत पॅलेटमागे बारीक अक्षरात ‘डोळ्यांजवळ वापरू नये’ असं छापलेलं असतं, आणि पुढे मात्र डोळ्याचंच चित्र! ती लांबूनच नमस्कार करून ठेवायची. हस्तकलेची चमकी तर मुळीच नको, ते कण डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

चष्मेवाली:
आज जाऊन आले. ब्रश पर्समधून नेला होता, दुकानातली मुलगी बघतच राहिली. तीन पॅलेट मनगटावर तपासल्या. सर्वांत देखणी होती तिचा तपकिरी दोन फटकाऱ्यांत गायब. शेवटी सहा रंगांची साधी घेतली: चार मॅट, दोन चमकीचे. विटकरी अप्रतिम पसरतोय. एक फिका बदामी आहे, तो @सावळीच_बरी म्हणाली तसा राखेचाच निघाला, म्हणजे सहातले पाच. हिशेबी, यातून आता किती ग्रॅम धरू?

हिशेबी:
मागे एकूण वजन काय लिहिलंय ते सांग आधी.