एन्क्रिप्टेड क्लाउडच्या आभासी ड्राइव्हवर रेस्टिकचा बॅकअप रात्री अडतो

प्रश्न

नमस्कार. माझ्या लिनक्स संगणकावर छायाचित्रे आणि कामाची कागदपत्रे मिळून बराच डेटा आहे आणि त्याचा बॅकअप मी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम वापरून एका एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (सेवा देणाऱ्या कंपनीलाही वाचता न येणाऱ्या) क्लाउडवर घेऊ इच्छितो. त्या सेवेचे अ‍ॅप संगणकावर एक आभासी ड्राइव्ह तयार करते. रेस्टिकची रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअप साठवण्याची जागा, मी त्या ड्राइव्हवरच ठेवली आहे. मी स्वतः आज्ञा दिली की बॅकअप व्यवस्थित होतो, पण रात्री रूटच्या (संगणकाच्या मुख्य प्रशासक खात्याच्या) नावाने ठरलेल्या वेळी चालणारे काम मात्र रिपॉझिटरी सापडत नाही असे सांगून थांबते. शिवाय बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश आल्यानंतरही अ‍ॅप बराच वेळ अपलोड करत असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, आणि ही जोडणी करण्याची योग्य पद्धत कोणती?

पहिले उत्तर

दोन्हींचे मूळ आभासी ड्राइव्हमध्येच आहे. असा ड्राइव्ह लिनक्सवर बहुधा फ्यूज या, साध्या प्रोग्रामलाही ड्राइव्ह तयार करू देणाऱ्या, यंत्रणेवर चालतो, आणि फ्यूजचा नियम असा की ज्या वापरकर्त्याने ड्राइव्ह जोडला त्यालाच तो दिसतो. वेगळी परवानगी दिलेली नसेल तर रूटलासुद्धा आत जाता येत नाही. तुम्ही लॉगिन केलेले नसेल तर तो ड्राइव्ह मुळात जोडलेलाच नसतो.

दुसरी बाब मला अधिक गंभीर वाटते. रेस्टिक फाइल लिहिते तेव्हा अ‍ॅप ती आधी स्थानिक कॅशेमध्ये (तुमच्याच डिस्कवरच्या तात्पुरत्या साठ्यात) घेते आणि लगेच ‘लिहून झाले’ असे कळवते. खरे अपलोड नंतर सावकाश होते. मधल्या काळात डिस्क बिघडली तर जो बॅकअप पूर्ण झाला असे रेस्टिक समजून बसली आहे, तो क्लाउडवर अर्धवटच असेल. म्हणून आभासी ड्राइव्ह मधून काढून टाका आणि आरक्लोन या, क्लाउड सेवांशी फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या, प्रोग्राममार्फत थेट जोडणी करा. त्यासाठी आरक्लोनमध्ये तुमच्या सेवेचा रिमोट (त्या खात्याच्या जोडणीची नोंद) तयार करावा आणि रेस्टिकला रिपॉझिटरीच्या पत्त्यात आरक्लोन हा शब्द, रिमोटचे नाव आणि फोल्डर, प्रत्येकामध्ये कोलन घालून द्यावे. आरक्लोन सुरू आणि बंद करण्याचे काम रेस्टिक स्वतः करते. फक्त रात्रीचे काम रूटच्या नावाने चालत असल्यामुळे आरक्लोन आपली कॉन्फिग फाइल (रिमोटची माहिती ठेवणारी फाइल) रूटच्या होम फोल्डरमध्ये शोधेल, तेव्हा तुमच्या फाइलचा मार्ग तिला स्पष्टपणे सांगावा लागेल.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझी सेवा मेगा आहे आणि आरक्लोनच्या यादीत ती आहे. मग फाइली पाठवण्याआधी एन्क्रिप्ट करणारा आरक्लोनचा क्रिप्ट रिमोटही वर चढवावा का?

दुसरे उत्तर

माझ्या मते चढवू नये. रेस्टिक सर्व डेटा एईएस-२५६ या एन्क्रिप्शन पद्धतीने एन्क्रिप्ट करूनच बाहेर पाठवते, त्यावर मेगाचे स्वतःचे एन्क्रिप्शन आहेच. तिसऱ्या थराने सुरक्षितता फारशी वाढत नाही. जपून ठेवायचा आणखी एक पासवर्ड मात्र वाढतो, आणि तो हरवला तर बाकीचे दोन्ही पासवर्ड हाताशी असूनही डेटा उघडता येत नाही.

मेगाच्या बाबतीत एक गोष्ट अवश्य पाहा. आरक्लोन तिथे पुसलेल्या फाइली मूळ सेटिंगनुसार कचरापेटीत टाकते, त्यामुळे रेस्टिकने जुने स्नॅपशॉट (त्या त्या वेळी घेतलेले बॅकअप) छाटले तरी जागा मोकळी होत नाही. कायमचे पुसण्याचा पर्याय आरक्लोनमध्ये आहे, पण तो चालू केला की चुकून पुसलेले परत मिळवण्याची वाट बंद होते, हे लक्षात घेऊन निर्णय घ्यावा.

पहिले उत्तर देणारा

सहमत आहे. आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमधले पासवर्ड केवळ अस्पष्ट केलेले असतात, खऱ्या अर्थाने एन्क्रिप्ट केलेले नसतात. त्यामुळे त्या फाइलला स्वतंत्र पासवर्ड लावावा. रात्रीच्या कामाला तो कसा पुरवायचा हेही त्याच वेळी ठरवावे लागेल. मेगाची रिकव्हरी की आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून संगणकापासून दूर ठेवावेत, कारण ती की नसताना मेगाचा पासवर्ड विसरला तर कंपनीलाही तुमचा डेटा उघडून देता येत नाही. जोडणी झाली की एखाद्या दुसऱ्या संगणकावर, या संगणकातली एकही फाइल न घेता, केवळ त्या कागदाच्या आधारे एक फोल्डर परत उतरवून पाहा. त्यानंतर रेस्टिकची तपासणीची आज्ञा नियमित चालवा आणि तिला दर वेळी डेटाचा काही हिस्सा प्रत्यक्ष वाचायला सांगा, कारण मूळ स्वरूपात ती फक्त रिपॉझिटरीची रचना तपासते, आतला डेटा उघडून पाहत नाही.