मदत हवी आहे : एआय सहायक आल्यापासून माणसांमधले बोलणे कमी झाले आहे

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या हापूस निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये या हंगामापासून कागदपत्रे, ईमेल आणि कामाचे वेळापत्रक एआय सहायक तयार करतो. काम झपाट्याने उरकते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र युरोपचा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर का ठेवतात, फळमाशीमुळे २०१४ मध्ये तिथे तो कसा बंद झाला होता, हे नवी मुले पूर्वी जुन्या मुकादमांना विचारत आणि त्या ओघात, देठ तुटून चीक सांडला की सालीवर डाग कसे पडतात, तेही शिकत. आता ती थेट पडद्याला विचारतात.

परवा अमेरिकेच्या मालाच्या कागदावर विकिरणाऐवजी (किडीसाठी फळावर किरणांचा मारा) युरोपची उष्णजल प्रक्रिया लिहिली गेली आणि तो कागद तिघांच्या हातून तसाच पुढे सरकला, कारण प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने तपासले असेल. चूक मुकादमांच्या नजरेस आली, तीही योगायोगाने. ते हल्ली बैठकीत गप्प असतात, याची मला अधिक काळजी वाटते.

अशा मसुद्यावर सही कोणाची असावी, आणि नवशिक्यांनी आधी माणसाला विचारावे असा नियम प्रत्यक्षात टिकतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. सहायक बंद करण्यास मालक तयार नाहीत, तेव्हा तो सल्ला नको.